आंग्रा दु एरोइज्मू: गोव्याहून परतणाऱ्या जहाजांच्या बंदराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे शहर नेमकं आहे कुठे?

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे 1,500 किलोमीटरवर. अझोरेस हा नऊ बेटांचा समूह पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे. त्यातल्या तेरसेइरा नावाच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर हे शहर वसलेलं आहे. तेरसेइरा म्हणजे तिसरी. दर्यावर्द्यांना सापडलेलं हे तिसरं बेट, म्हणून ते नाव. बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम 400 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी, आणि वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची. विमान खाली येताना आधी नुसतं पाणी, मग ढग, आणि ढगांतून एकदम हिरवी शेतं दिसतात. प्रत्येक शेताला काळ्या दगडांचा गडगा.

‘आंग्रा’चा आणि कान्होजी आंग्रे यांचा काही संबंध आहे का?

नाही. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की त्याला वरची जागा दिली. इंग्रज कान्होजींना ‘आंग्रिया’ म्हणत, म्हणून घोटाळा होतो. आंग्रे हे आडनाव आंगरवाडी या गावावरून आलं असं सांगतात. पोर्तुगीजमध्ये ‘आंग्रा’ म्हणजे लहानसा आखात, जहाज आडोशाला उभं करता येईल अशी खाडी. या शहराला नाव मिळालं ते त्याच्या खाडीवरून. पुढचं ‘दु एरोइज्मू’, म्हणजे शौर्याचं, हे बिरूद 1837 मध्ये राणी मारिया दुसरी हिने दिलं. पोर्तुगालच्या यादवी युद्धात उदारमतवाद्यांचा सगळा आधार हे बेट होतं आणि काही काळ देशाची राजधानीही इथेच होती, त्याबद्दलचा हा मान.

इतक्या लांब, एवढ्याशा बेटावर मराठी माणसाने का जावं?

गोवा, वसई, चौल इथून सुटलेल्या गोष्टीचं दुसरं टोक इथे आहे, म्हणून जावं.

शिडाच्या काळात गोव्याहून किंवा कोचीनहून मिरी-दालचिनी भरून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरलं की तिथून सरळ उत्तरेला जाऊ शकत नसे. आफ्रिकेच्या किनाऱ्याशी ईशान्येचे व्यापारी वारे थेट तोंडावर येतात. मग खलाशी जहाज खोल समुद्रात वायव्येला नेत, अझोरेसच्या अक्षांशापर्यंत चढत आणि तिथे पश्चिमेचा वारा पाठीशी घेऊन लिस्बन गाठत. त्या वाटेवर मध्ये जमीन होती ती हीच. सहा महिने समुद्रात काढलेली, हिरड्या सुजलेली, पाणी संपलेली माणसं इथे उतरत. जहाजांची डागडुजी, ताजं अन्न-पाणी आणि चाच्यांपासून संरक्षण या कामासाठी सोळाव्या शतकात आंग्रात राजाचा खास अधिकारी नेमलेला होता.

आता तीन माणसांची आठवण सांगतो, म्हणजे शहरात फिरताना ती सोबत असतील.

वास्को द गामाचा भाऊ पाउलो. कालिकतहून परतताना तो फार आजारी पडला. वास्कोने आपलं जहाज दुसऱ्याच्या हवाली केलं आणि भावाला लवकर घरी न्यावं म्हणून वेगळं हलकं गलबत केलं. पाउलो इथवरच पोचला. 1499 मध्ये तो तेरसेइरावर वारला आणि आंग्राच्या सांव फ्रान्सिस्कू मठात त्याला पुरलं. त्या जागेवर नंतर उभ्या राहिलेल्या मठात आता शहराचं वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याच्या चर्चमध्ये पाउलोची स्मृती जपलेली आहे.

दुसरा यान हुइगेन फान लिन्सखोतेन. हा डच तरुण 1583 पासून गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. गोव्याचा बाजार, आंबा, फणस, रस्त्यावरची माणसं यांचं वर्णन करून ठेवणारा तोच. जानेवारी 1589 मध्ये तो कोचीनहून निघाला आणि जुलैत इंग्रज जहाजांना चुकवत आंग्राला पोचला. मलाक्क्याहून आलेलं एक जहाज खाडीत बुडालं होतं. त्यातला माल वर काढण्याच्या कामात तो इथे दोन वर्षांहून जास्त अडकला. त्या मुक्कामात त्याने काढलेला आंग्राचा नकाशा आजही शहराच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानला जातो. त्यातले रस्ते आणि आजचे रस्ते ताडून बघा, बरेचसे जुळतात.

तिसरा राजा आफोन्सू सहावा. मुंबई इंग्रजांना आंदण गेली ती त्याच्या बहिणीच्या, कॅथरीनच्या लग्नात. करार 1661 चा, आणि बेटाचा ताबा 1665 मध्ये दिला तेव्हा गादीवर हाच होता. पुढे धाकट्या भावाने त्याची सत्ता काढून घेतली आणि 1669 ते 1674 अशी पाच वर्षं त्याला आंग्राच्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं. मुंबईकराने त्या किल्ल्यात उभं राहून हे आठवलं की इतिहासाच्या पुस्तकातलं ते एक वाक्य वेगळं वाटू लागतं.

व्हिसा कुठला लागतो?

पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा. अझोरेससाठी वेगळं काही नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, आणि किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवासी विमा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनाही हा व्हिसा हवाच. गोव्यातल्या ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय त्यांना अर्थातच नको.

पोचायचं कसं?

मुंबई किंवा गोव्याहून आखाती देशांतून वा युरोपातल्या एखाद्या शहरातून लिस्बन, आणि तिथून सुमारे अडीच तासांचं विमान. उतरायचं ते लाजेस विमानतळावर. हा बेटाच्या दुसऱ्या टोकाला, प्राया दा वितोरिया या गावाजवळ आहे. तिथून आंग्रा वीसेक किलोमीटर. अमेरिकेतल्यांसाठी बॉस्टनहून अझोरेसला थेट विमानं आहेत, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले अझोरेसचे लोक भरपूर आहेत.

एक कळकळीची सूचना. वारा आणि धुकं यामुळे इथली विमानं उशिरा होतात, क्वचित रद्दही होतात. परतीच्या वेळी लिस्बनमध्ये एक रात्र मोकळी ठेवा. भारताचं विमान त्याच दिवशी पकडायचा हिशोब करू नका. आणि सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर करा. मी वेगवेगळी तिकिटं काढली होती, बॅग दोन दिवसांनी आली आणि जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हतं.

कधी जावं आणि किती दिवस?

जून ते सप्टेंबर. हवा इथे कधीच टोकाची नसते. ऑगस्टमध्येही पारा पंचविशीच्या आसपास, आणि हिवाळ्यात कोकणातल्या माणसाला स्वेटर लागेल इतकंच. मात्र एका दिवसात ऊन, पाऊस, वारा, धुकं सगळं होऊन जातं. जुलैत रस्त्यांच्या कडेचे हॉर्टेन्सियाचे निळे गुच्छ फुललेले असतात. हिवाळ्यात पाऊस जास्त आणि काही ठिकाणं बंद किंवा थोडेच तास उघडी.

किमान चार दिवस द्या. बरेच जण एका दिवसात शहर आणि ज्वालामुखीची गुहा उरकून पुढच्या बेटावर जातात. माझ्या मते हे शहरावर अन्याय करण्यासारखं आहे. दोन दिवस नुसत्या आंग्राला हवेत.

वेळेचा हिशोब असा: अझोरेस लिस्बनच्याही एक तास मागे आहे. भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेपाच तास, हिवाळ्यात साडेसहा तास मागे.

शहरात काय बघावं आणि कुठल्या क्रमाने?

आधी वर चढा. शहराच्या मध्यात दुकी दा तेरसेइरा यांच्या नावाची बाग आहे. तिच्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेलं की टेकडीवर पिवळसर रंगाचा एक मोठा स्तंभ लागतो. त्या जागेला आल्तू दा मेमोरिया म्हणतात. बेटावरचा पहिला किल्ला पंधराव्या शतकात इथे होता. तिथून सगळं शहर तळहातावर दिसतं: लाल कौलांची छपरं, सरळ एकमेकांना छेदणारे रस्ते, खाडी, आणि खाडीच्या उजव्या हाताला समुद्रात घुसलेला मोंते ब्राझील हा विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर. हा डोंगर पश्चिमेचा वारा अडवतो म्हणून खाडी शांत, आणि खाडी शांत म्हणून शहर. वरून हे एका नजरेत कळतं.

मग खाली उतरून प्रासा वेल्या, म्हणजे जुना चौक, तिथून रुआ दा से या रस्त्याने कॅथेड्रलकडे. आंग्रा 1534 मध्ये शहर झालं आणि त्याच वर्षी इथे बिशपचं पीठ आलं. गोव्याचं धर्मपीठही 1534 चंच. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल पाहिलं असेल तर नावातलं ‘से’ लगेच ओळखीचं वाटेल. आंग्राच्या से चर्चचं बांधकाम 1570 मध्ये सुरू झालं. ते गोव्याच्या मानाने खूपच साधं आहे, आणि मला ते साधेपणच आवडतं.

बंदरावर उतरताना निळ्या-पांढऱ्या रंगाचं मिसेरिकॉर्दियाचं चर्च दिसतं. त्याच्यासमोर कस्टम्सचा जुना चौक आणि धक्क्याच्या दगडी पायऱ्या. संध्याकाळी तिथे बसा. पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजून खोलगट झाल्यात. पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारत असतात आणि म्हातारी माणसं कठड्याला टेकून बोलत उभी. मी पहिल्या दिवशी तिथे अर्धा तास बसायचं ठरवून अंधार पडेपर्यंत बसलो.

दुसरा दिवस मोंते ब्राझीलचा. डोंगराच्या पायथ्याशी सांव जुआंव बाप्तिश्ताचा किल्ला आहे. स्पेनच्या राजा फिलिप दुसऱ्याच्या काळात तो बांधायला घेतला. तटबंदीची एकूण लांबी सुमारे 4 किलोमीटर. अमेरिकेहून येणारी स्पेनची चांदी आणि भारताहून येणारा माल, दोन्हींची राखण करायची म्हणून हा एवढा पसारा. वसई किंवा रेवदंड्याचे बाणासारखे टोकदार बुरूज पाहिलेल्या माणसाला इथली रचना ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे तट शाबूत आहेत आणि आत अजून सैन्य आहे, म्हणून मार्गदर्शकाबरोबरच फिरता येतं. मोझांबिकमधल्या गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याला 1896 मध्ये पोर्तुगीजांनी कैद करून आंग्राला आणलं. तो परत गेला नाही, 1906 मध्ये इथेच वारला. किल्ल्याच्या मागे डोंगरावर दाट झाडी आणि चांगल्या पायवाटा आहेत. घरून काही खायला घेतलं तर दुपार मजेत जाते.

सगळी घरं इतकी नीटनेटकी कशी? जुनं शहर नक्की जुनं आहे ना?

1 जानेवारी 1980 ला, नववर्षाच्या दुपारी, इथे 7 रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. तेरसेइरा आणि शेजारच्या बेटांवर मिळून साठहून अधिक माणसं गेली आणि आंग्रातली बहुतेक घरं कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. शहर सोडून दुसरीकडे नवं बांधता आलं असतं. लोकांनी ते केलं नाही. रस्त्यांची जुनी आखणी, दर्शनी भिंती, खिडक्यांच्या दगडी चौकटी, लोखंडी सज्जे तसेच ठेवून आतून घरं मजबूत केली. हे काम चालू असतानाच 1983 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात आंग्राचा समावेश केला. पोर्तुगालच्या पहिल्या चार स्थळांपैकी हे एक. किल्लारी-लातूरचा भूकंप ज्यांनी पाहिलाय, त्यांनी इथल्या साठी उलटलेल्या कुणाशी बोलावं. ती दुपार कुणी विसरलेलं नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

थोडे होतात, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. अझोरेस दुधाचा प्रदेश आहे. चीज उत्तम, लोणी उत्तम, पाव ताजा. भाज्यांचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेजचा तुकडा किंवा मांसाचा स्टॉक आहे का ते विचारा. ‘सेंय कार्न, सेंय पैश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. अंडी चालत असतील तर काहीच अडचण नाही. जैन मंडळींनी किंवा लहान मुलं सोबत असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. भाजीबाजारात बटाटा, कोबी, कांदा, टोमॅटो, फळं सगळं मिळतं.

आणि मांस-मासे खाणाऱ्यांनी काय चुकवू नये?

गोमांस चालत असेल तर अलकात्रा. मातीच्या भांड्यात वाइन, मसाले, तमालपत्र घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला हा पदार्थ तेरसेइराची ओळख आहे. मासे-कालवं खाणाऱ्यांनी लापास मागवावेत. हे खडकाला चिकटलेले शिंपले लोणी-लसणावर भाजून तव्यासकट आणून ठेवतात. डुकराच्या मांसाला ‘विन्या द आल्युश’ म्हणजे वाइन आणि लसणात मुरवतात. हा शब्द दोनदा म्हणून बघा, गोव्याचं विंदालू त्यातूनच आलं. इकडे मिरचीचा जोर नाही, आंबटपणा मात्र तोच.

गोडात दोना आमेलिया. 1901 मध्ये राणी आमेलिया बेटावर आली, तिच्या नावाने हा लहानसा गोल केक ओळखला जातो. मक्याचं पीठ, दालचिनी, मनुका आणि उसाची काकवी. वर पिठीसाखर. पहिला घास घेतला की काकवी आणि दालचिनी एकदमच जाणवते आणि पिठीसाखर शर्टावर सांडते. अशा आडबाजूच्या बेटाच्या केकात दालचिनी कुठून आली हा प्रश्न खाडीकडे बघत खाताना पडत नाही.

रस्त्यावर बैल सोडतात म्हणे. ते काय प्रकरण आहे?

‘तोरादा आ कोर्दा’, दोरीवरचा बैल. मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गावोगाव चालतो. लांब दोरी बांधलेला बैल रस्त्यावर सोडतात, दोरीचं टोक पांढरे सदरे घातलेल्या माणसांच्या हातात असतं, शिंगांच्या टोकांना आवरण असतं. बैलाला मारत नाहीत, तो परत माळावर जातो. घरांच्या दारांना फळ्या ठोकतात, बायका-मुलं गच्चीवर, आणि धीट तरुण खाली. बैल सुटला की एक दारूचा बाण उडतो, आत गेला की दुसरा. हा दुसरा बाण ऐकल्याशिवाय रस्त्यावर उतरू नका. पाहुण्यांना लागतं ते नेहमी यातच. जनावराला धावडवणं पटत नसेल तर त्या संध्याकाळी तिकडे न जाणं उत्तम, कुणी आग्रह करत नाही. मी एकदा भिंतीवरून पाहिला. बघणाऱ्या गावाचा उत्साह आवडला, बैलाची धाप नाही आवडली.

बैलांचं या बेटाशी जुनं नातं आहे. 1581 मध्ये स्पेनचं सैन्य साल्गाच्या खाडीत उतरलं तेव्हा बेटकऱ्यांनी गुरांचे कळप त्याच्या अंगावर हाकले आणि सैन्याला समुद्रात रेटलं. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ही कथा ताबडतोब आवडते.

सण कधी असतात?

जूनच्या उत्तरार्धात सांजुआनिनाश, सेंट जॉनचा उत्सव. मुख्य दिवस 24 जून. त्याच दिवशी गोव्यात डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून सांजांवला विहिरीत उड्या मारतात. त्या आठवड्यात राहायची जागा फार आधी धरावी लागते. ईस्टरनंतरच्या आठवड्यांत पवित्र आत्म्याचे उत्सव. त्यासाठी गल्लोगल्ली छोटी रंगीबेरंगी देवळंच म्हणावीत अशी ‘इंपेरियू’ आहेत, बेटावर सत्तरच्या आसपास. गावातल्याच कुणाच्या तरी डोक्यावर मुकुट ठेवतात आणि पाव-मांस-वाइन सगळ्यांना वाटतात. अनोळखी माणसालाही पंगतीत बसवतात. बोलावलं तर संकोच करू नका.

शहराबाहेर काय?

आल्गार दु कार्वांव. ज्वालामुखीच्या नळीतून पायऱ्यांनी खाली उतरता येतं, तळाशी स्वच्छ पाण्याचं तळं. तासांची खात्री करूनच जा. सेरा दु कूमीवरून शेतांची गोधडी दिसते. बिश्कोइतूशला काळ्या लाव्ह्यात तयार झालेल्या समुद्राच्या कुंडांत पोहायचं, आणि दगडी आडोशांतले द्राक्षमळे बघायचे.

गाडी लागते का? आई-वडिलांना झेपेल?

शहर पायी होतं. बाहेर फिरायला गाडी हवी, कारण बस आहेत पण थोड्या. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी उजवीकडून चालते. रस्ते चांगले, पण धुक्यात समोर अचानक गायी येतात. वडीलधाऱ्यांसाठी खरी अडचण चढ-उतार आणि गुळगुळीत दगडी फरसबंदीची. पाऊस पडला की ती निसरडी होते. चांगल्या तळव्याचे बूट हवेत, आणि हॉटेल प्रासा वेल्याच्या जवळपास सपाटीवर घ्या.

पोर्तुगीज येत नाही, चालेल?

तरुण मंडळी इंग्रजी बोलतात. आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पोर्तुगीज तुम्हाला येतं. बाजारातल्या पाट्या वाचा: पांव, बताता, कोव्ह, अनानाश. हॉटेलात ‘शाव्ह’ मागा, चावी मिळेल. ‘मेझा’वर बसा, पैसे द्यायला ‘पगार’ म्हणा. मी भाजीवाल्या आजीला हे शब्द आमच्याकडेही आहेत असं सांगितलं तर तिने शेजारच्या तिघींना हाक मारली आणि मला घमेल्यापर्यंत सगळे परत म्हणायला लावले.

समुद्रात उतरता येतं का?

हो. शहरातच प्राइन्या नावाची छोटी वाळूची पुळण आहे, पाणी उन्हाळ्यात थंडसर पण सुखावह. डायव्हिंगचा दाखला असेल तर खाडीच्या तळाशी जा. तिथे पाण्याखालचं पुरातत्त्व उद्यान आहे. 1878 मध्ये बुडालेल्या लिदादोर या आगबोटीचा सांगाडा आहे, आणि थोडं खोल गेलं की नांगरांचं कब्रस्तान. आग्नेयेच्या वाऱ्याला इथे सुताराचा वारा म्हणतात, कारण तो जहाजं किनाऱ्यावर फोडून सुतारांना लाकूड पुरवी. हा वारा उठला की कप्तान दोर तोडून खुल्या समुद्रात पळत आणि नांगर तळाशीच राहत. शतकानुशतकांचे ते नांगर अजून तसेच वाळूत रुतलेले आहेत, आणि आता त्यांच्या दांड्यांवर शेवाळ आणि आजूबाजूला मासे आहेत.